देव आधी उतरतो

ट्रॉलीतून माणसं उतरायच्या आधी देव उतरतो. पहिली दोन वर्षं मला हे दिसलंच नाही. मी ऊसतोड्यांच्या तळावर पोचायचे तोवर कोप्या उभ्या असायच्या, चुली पेटलेल्या असायच्या आणि मी रजिस्टर उघडून किती बायका, किती लेकरं, कुणाला दिवस गेलेत हे विचारायला सुरुवात करायचे. तिसऱ्या हंगामात, २०११ साली, दिवाळीच्या तोंडावर एक टोळी नेमकी माझ्यासमोर येऊन थांबली. पाटोदा तालुक्यातली माणसं. रात्रभर प्रवास झालेला, डोळे तांबारलेले. ट्रॉलीत वळकट्या, ज्वारीची पोती, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्यांचं डालगं, एक शेळी आणि या सगळ्याच्या वर बसलेली एक आजी. तिच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेला डबा.

आजीनं आधी डबा खाली दिला, मग ती उतरली. कालव्याच्या भरावाला लागून एक बाभळ आहे. तिच्या बुंध्याशी आजीनं हातानंच जागा झाडली, बाटलीतलं पाणी शिंपडलं, तिथलाच एक गोटा उचलून धुतला आणि मांडला. डब्यातून टाक काढले, खंडोबाचा, देवीचा आणि पितरांचा एक. ते गोट्यापुढं पानावर ठेवले, हळद वाहिली. तिकडं सुना बांबू उतरवत होत्या, लेकरं पाण्यासाठी रडत होती. मी म्हणाले, "आजी, आधी लेकरांना सावलीत तरी बसवा."

"आवो ताई," आजी म्हणाली, "देव उन्हात ठिवून आपुन सावलीत बसायचं व्हय?"

कोपी उभी राहिल्यावर टाक आत गेले, आडव्या बांबूला टांगलेल्या टोपलीत. गोटा मात्र बाभळीखालीच राहिला. संध्याकाळी तिथं दिवा लागला आणि मग तळावरची पहिली चूल पेटली.

मी वारणाकाठच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. माझ्या हद्दीत तीन गावं आहेत, आणि ऑक्टोबरअखेरपासून मार्च-एप्रिलपर्यंत एक चौथं गाव असतं, ज्याला ग्रामपंचायत नाही, शाळा नाही, पिण्याच्या पाण्याची टाकी नाही. बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगरचा पाथर्डीकडचा भाग, इथून माणसं ऊस तोडायला येतात. कारखान्याच्या कागदावर नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर आणि ती फिटेपर्यंत कोयत्याला मोकळीक नसते. तळावर नवी टोळी आली की गावातले लोक विचारतात, "किती कोयते आले?" आमच्या रजिस्टरलाही एक रकाना आहे, स्थलांतरित. त्यात आकडा भरला की आमचं काम झालं असं मीसुद्धा बरीच वर्षं समजत होते.

या माणसांचं वर्ष आपल्यासारखं चैत्रात सुरू होत नाही. खंडेनवमीला घरी कोयते घासून पुसून देवापुढं ठेवायचे, त्यांना हळद-कुंकू वाहायचं. दसऱ्याला सीमोल्लंघन. वंजारी समाजातली पुष्कळ कुटुंबं त्या दिवशी भगवानबाबांच्या नावानं सावरगावला किंवा भगवानगडावर जाऊन येतात आणि मग गाड्या भरतात. १८९६ साली सावरगावात जन्मलेल्या, १९६५ साली देह ठेवलेल्या या वारकरी संताची तसबीर मी जितक्या कोप्यांत पाहिली तितकी दुसऱ्या कुणाचीच पाहिली नाही. पोळा, गणपती, नवरात्र गावी होतं. पण दिवाळी, चंपाषष्ठी, संक्रांत, महाशिवरात्र, होळी हे सगळे सण उसाच्या फडात येतात. एक गाडीवान मला म्हणाला होता, "आषाढी आमची हाय ताई, कार्तिकी न्हाई." विठ्ठलाच्या दोन मोठ्या वाऱ्या, त्यातली एक त्याच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. त्याचा बाप, आजाही ऊसतोडीतच होते.

सणाला सुट्टी नसते. कामावर गेलं नाही की खाडा पडतो. आमच्या भागात एका खाड्याचे ५०० रुपये कापतात आणि ते उचलीत चढतात. ताप आला तरी खाडा, पाळीच्या दिवसांत कंबर मोडून पडली तरी खाडा, भाऊबीज असली तरी खाडा. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती वाढ या माणसांनी कोयते खाली ठेवून मिळवली आणि तिचं मोल मोठं आहे. पण त्या वाटाघाटींत सणाच्या रजेचा विषय निघाल्याचं मी तळावर कुणाकडून ऐकलं नाही. मला विचारलं असतं तर मी वर्षातले चार दिवस बिनखाड्याचे मागितले असते, आणि ते आरोग्याच्या रकान्यातून मागितले असते. असं मी का म्हणते, ते मला एका चुकीतून कळलं. ती चूक माझी होती.

२०१०चा डिसेंबर. थंडी कडाक्याची. तळावरची एक मुलगी, वीस-एकवीस वर्षांची, पहाटे फडात जायच्या तयारीत असताना कोपीतच बाळंत झाली. मला चौथ्या दिवशी कळलं. मी वजनकाटा घेऊन गेले. बाळ एक किलो नऊशे. अंग गार, ओढायला ताकद नाही. मी सांगितलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं, गाडी बोलावते. तिची सासू म्हणाली, "उद्या पाचवी हाय. सटवाईनं लिवल्याबिगर लेकरू दुसऱ्याच्या दारी कसं न्यावं?"

मला राग आला. मी ओरडले. "सटवाई हवी का लेकरू हवं?" असं म्हणाले. आणखीही बरंच बोलले, ते आज लिहायला जड जातं. पोलिसांचं नावही घेतलं. सासू गप्प झाली. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. मी गाडीची तजवीज करून सकाळी परत गेले तेव्हा कोपी रिकामी होती. चूल विझलेली, पाणी ओतलेलं. मला भिऊन ती माणसं रातोरात दुसऱ्या फडावर, नात्यातल्या टोळीत निघून गेली होती.

दोन दिवस शोधलं. सहाव्या दिवशी सापडली, दहा किलोमीटरवर, एका द्राक्षबागेच्या कडेला. बाळ जिवंत होतं, पण रडत नव्हतं. या खेपेला कुणी अडवलं नाही. अॅम्ब्युलन्समध्ये बाळाला मी त्या मुलीच्या छातीशी, पोलक्याच्या आत, कातडीला कातडी लावून बांधलं आणि वरून माझी शाल गुंडाळली. अख्ख्या वाटेत ती एकच वाक्य बोलली. "पाचवी ऱ्हायली."

तेव्हा मला उमगलं की माझ्या ओरडण्यानं दोन दिवस गेले, आणि जे वाचवण्यासाठी ती पळाली होती तेही तिला मिळालं नाही. पळापळीत पाचवी पुजायला कुणी नव्हतं, पाटा-वरवंटा नव्हता, दिवा जागवायला बायका नव्हत्या. आपल्या बाळाच्या कपाळावर काहीच लिहिलं गेलेलं नाही असं त्या आईला वाटत होतं. तिच्या लेखी तिच्या लेकराचा जन्म अजून पुरता झालाच नव्हता. आम्ही तापमान बघत होतो, वजन बघत होतो, आणि ते बघायलाच हवं होतं. पण ती आई कशानं खचली आहे हे आमच्या कुठल्याच कागदावर येत नव्हतं. तिला दूध येईना.

वॉर्डातल्या सिस्टर वयानं मोठ्या होत्या, कोकणातल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिवा नको, ऑक्सिजन आहे. बाकीचं कर." रात्री बाळ आईजवळ दूध पाजायला आणलं होतं, तेव्हा आम्ही खाटेच्या उशाशी एका स्टुलावर वाटी पालथी घातली, तिला हळद-कुंकू लावलं. मी लसीकरणाच्या रजिस्टरमधलं मागचं कोरं पान फाडलं. त्यावर माझं पेन ठेवलं, निळ्या शाईचं, ज्यानं मी रोज नावं लिहायचे तेच. दिव्याऐवजी सिस्टरांनी आपल्या मोबाईलची बॅटरी लावून ठेवली. सासू खाली जमिनीवर बसून रात्रभर जागी राहिली. पहाटे तिनं ते कोरं पान चार घड्या करून कमरेला खोचलं आणि पेन मला परत दिलं. मी म्हणाले, राहू द्या. ती म्हणाली, "तुमाला लिवायला लागंल की."

दूध तिसऱ्या दिवशी आलं. पाचवीमुळं आलं असं मी म्हणत नाही. ऊब मिळाली, खाणं मिळालं, झोप मिळाली, बाळाला छातीशी धरून ठेवलं, या सगळ्याचा तो परिणाम होता. पण त्या रात्रीनंतर ती मुलगी आमचं ऐकायला लागली, सांगेल तितका वेळ बाळाला अंगाशी धरून बसायला लागली, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. बाळ अकराव्या दिवशी घरी, म्हणजे कोपीत, गेलं.

पुढच्या वर्षापासून नवजात बाळासाठी घरभेटीचं वेळापत्रक आलं. घरी बाळंतपण झालं तर पहिला, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. मी त्यात माझा पाचवा दिवस घातला. रजिस्टरमध्ये त्याला जागा नाही, माझ्या वहीत आहे. पाचवीच्या संध्याकाळी मी वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन जाते. त्या वेळी तळावरच्या सगळ्या जाणत्या बायका एका कोपीत बसलेल्या असतात. बाळाच्या उशाशी लोखंड म्हणून कोयता ठेवलेला असतो, धार भिंतीकडं करून. त्याच बायकांपुढं मी बाळाचं अंग कसं गुंडाळायचं, नाळेला काही लावायचं नाही, पहिलं पिवळं दूध टाकायचं नाही, हे सांगते. दिवसभर फडात असलेल्या या बायका एरवी मला एकत्र सापडतच नाहीत. आणि बाळाला दवाखान्यात न्यायची गरज पडलीच तर आता पाचवीची अडचण येत नाही. "दवाखान्यातच पुजू," असं आता सासवाच म्हणतात.

भाऊबीज मला सगळ्यांत अवघड जाणारा सण. माझा भाऊ दोन गावं पलीकडे राहतो, दुपारपर्यंत येतो, जेवतो, ओवाळून घेतो. तळावरच्या बाईचा भाऊ दुसऱ्याच कारखान्यावर कोयता घेऊन गेलेला असतो, कधी सोलापुरात, कधी कर्नाटकात बेळगावकडं. तिचा खाडा, त्याचाही खाडा, वर जाण्यायेण्याचा खर्च. भाऊ जवळ नसेल तर चंद्राला ओवाळायची आपल्याकडे रीत आहे. पण द्वितीयेची कोर संध्याकाळी जेमतेम दिसते आणि लगेच मावळते. ती वेळ गाडी भरायची.

एका वर्षी भाऊबिजेच्या संध्याकाळी मी एका गरोदर बाईच्या रक्तदाबासाठी फडात गेले होते. टायरगाडी अर्धी भरली होती. बाया डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून वर चढत होत्या, वरून गडी मोळी ओढून रचत होता. एकदम एक बाई म्हणाली, "दिसला, दिसला." सगळ्यांनी पश्चिमेकडं पाहिलं. उसाच्या तुऱ्यांवर अगदी बारीक कोर. त्या बाईनं मोळी बांधावर टेकवली, पदराची गाठ सोडली. गाठीत हळद-कुंकवाची पुडी आणि कणकेचा एक दिवा होता, सकाळीच भिजवून केलेला, वाळून कडक झालेला. गाडीवानानं आपल्या पिशवीतनं थेंबभर तेल दिलं. वात कुठली? ओढणीची दशी. गाडीच्या मागच्या फळीवर दिवा ठेवून चौघीजणींनी आळीपाळीनं चंद्राला ओवाळलं. तेवढा वेळ बैल थांबले, वर रचणारा गडी थांबला. त्यातली एक धाकटी होती, पहिलाच हंगाम. ती ओवाळताना चंद्राला भावाच्या नावानं हाक मारत होती. मग तिनं डोळे पुसले, चुंबळ नीट केली आणि मोळी उचलली.

त्या गरोदर बाईचा रक्तदाब मी घेतला तो या सगळ्यानंतर. तिचा वाढलेला होता, पण आदल्या आठवड्यापेक्षा कमी. तिला विचारलं, "झोप लागते का?" ती म्हणाली, "आज लागंल."

झोप लागत नाही, करमत नाही, छातीत धडधडतं, हातापायातलं बळ जातं. तळावरच्या बायका हीच चार वाक्यं घेऊन माझ्याकडे येतात. मी लोहाच्या गोळ्या देते, कारण रक्त कमी असतंच. पाणी प्यायला सांगते, कारण पाणी मिळत नाही आणि लघवीला आडोसा नाही म्हणून त्या पाणी टाळतात. पण यातलं काही दुखणं गोळीनं जाणारं नसतं हे मला सोळा वर्षांत कळलं आहे. पहाटे तीनला उठून रात्री नऊला पाठ टेकणारी बाई सहा महिने फक्त कोयता असते. सणाच्या दिवशी ती कुणाची तरी बहीण होते, माहेरवाशीण होते, एखाद्या देवीची लेक होते. माझ्या मते हा तिच्या प्रकृतीचाच भाग आहे, हिमोग्लोबिनइतकाच.

संक्रांतीचं सांगते. एका वर्षी त्या आठवड्यात टोळीला जळीत उसाचा फड लागला होता. जळका ऊस तोडताना माणसं काजळीनं काळी होतात, घाम आणि राख मिळून अंगाची लाही होते. बाजारातून सुगडं आणली होती, गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या गोळा झाल्या होत्या. उसाच्या कांड्या राहिल्या होत्या. आता ज्यांच्या भोवती कोसभर ऊसच आहे, त्यांना सुगडात घालायला ऊस नव्हता, कारण जळका ऊस वाणाला चालत नाही. मी म्हणाले, "शेजारच्या फडातला एक घ्या की तोडून, कुणाला कळणार?" पाटोद्याची तीच आजी, आता जरा वाकलेली, म्हणाली, "तोडतो तो कारखान्याचा. वाणाचा मागून आणायचा असतो."

दिवसाला दोन टनांच्या घरात ऊस तोडणारी ती जोडपी आणि एक ऊस मागायला दोघी सुना शेजारच्या वस्तीवर गेल्या. अंघोळ करून, पातळ बदलून. शेतकऱ्याची बायको दारात आली. तिनं पाच ऊस दिले, आणि विचारलं, "हळदी-कुंकू कधी आहे?" संध्याकाळी ती आली. तिचं घर तळापासून हाकेच्या अंतरावर, लग्न होऊन आल्याला वीस वर्षं झालेली, पण कोप्यांमध्ये तिनं पाऊल ठेवलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. तिनं ववसून घेतलं, तिळगूळ घेतला. आणि निघताना म्हणाली, "आमच्या विहिरीवरनं पाणी नेत जा, कालव्याचं पिऊ नका." मी तीन वर्षं त्या पाण्यासाठी अर्ज करत होते.

सगळंच गोड नव्हतं. तळावर एक विधवा बाई होती, भावाच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून आलेली. फडात ती सगळ्यांच्या बरोबरीनं मोळ्या उचलायची. हळदी-कुंकवाच्या वेळी ती आपल्या कोपीत सगळ्यांची तान्ही लेकरं सांभाळत बसली. तिला कुणी बोलावलं नाही, ती आली नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. ते मला लागून राहिलं. दुसऱ्या वर्षापासून मी रक्त तपासणीचं शिबिर संक्रांत ते रथसप्तमी यांच्या मध्ये ठेवते, संध्याकाळी, तळावरच. तपासणी झाली की प्रत्येक बाईला माझ्याकडून वाण म्हणून स्टीलची एक वाटी. रजिस्टरात नाव असलेल्या प्रत्येकीला. रजिस्टर कुंकू विचारत नाही. त्या बाईनं पहिल्या वर्षी वाटी घेतली ती दोन्ही हातांनी, आणि आधी कपाळाला लावली. वाट्यांचे पैसे गावातला महिला बचतगट देतो, हेही लिहायला हवं.

तळावर सगळे एकाच देवाचे नसतात. १५ फेब्रुवारीला बंजारा टोळ्यांमध्ये सेवालाल महाराजांची जयंती असते. १७३९ चा जन्म त्यांचा, समाधी वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला. पांढरा झेंडा लागतो, निखाऱ्यावर तूप आणि गोडाचा भोग देतात, आणि त्या रात्री तांड्यातल्या म्हाताऱ्या कोपीबाहेर बसून गातात तेव्हा आमच्या गावातली माणसं कालव्याच्या भरावावर येऊन ऐकत उभी राहतात. काही कोप्यांत बाबासाहेबांची तसबीर असते. ६ डिसेंबरला तिथं मेणबत्त्या लागतात, आणि १४ एप्रिलला आपण गावी असावं म्हणून ती माणसं मार्चपासूनच दिवस मोजत असतात. अलीकडं काही वर्षं रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर, हंगामाच्या शेवटाला येत होता. एक मुसलमान जोडपं रोजे धरून ऊस तोडत होतं. मला त्या बाईची काळजी वाटत होती, दुपारचं ऊन आणि घोटभर पाणी नाही. तिनं तोडणी पहाटे दोनला सुरू केली, टोळीतल्या बाकीच्यांनी तिच्या वाटणीच्या मोळ्या दुपारी वाहिल्या. मगरीबच्या वेळी खजूर आणून द्यायला शेजारच्या कोपीतली वंजारी पोरगी धावत जायची.

आणि मग २०२०. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. आदल्या मध्यरात्री देश बंद झाला. हंगाम सरत आला होता, गावी जायच्या पेट्या काही कोप्यांत बांधून तयार होत्या. मी सकाळी तळावर गेले तेव्हा कोणी बोलत नव्हतं. रस्त्यांवर गावागावांनी बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. इथले लोक म्हणत, हे बाहेरचे. गावाकडून फोन येत, इतक्यात येऊ नका, वेशीत घेणार नाहीत. पाडव्याची साखरगाठी आणायला दुकान उघडं नव्हतं. सहा महिने साखरेसाठी राबलेल्या त्या तळावर गुढीला बांधायला गाठी नव्हती. आजीनं गुळाचा खडा दोऱ्यात ओवला, कडुलिंबाच्या डहाळीबरोबर कोपीच्याच एका बांबूला बांधला, त्यावर धाकट्या सुनेचं लग्नातलं पोलकं, वर तांब्या. गुढी उभी राहिली. मी मास्क लावून लांब उभी होते. आजीनं गुळाचा दुसरा खडा करून कागदावर ठेवला आणि कागद जमिनीवर ठेवून मागं सरकली, मी उचलून घ्यावा म्हणून.

८ एप्रिलला चैत्री पौर्णिमा होती. धाराशिव जिल्ह्यात येरमाळ्याच्या येडेश्वरीची मोठी यात्रा या पौर्णिमेला भरते. ऊसतोड करून परतलेल्या किती तरी बाया घरी जायच्या आधी तिथं जातात. यात्रेत चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचायचे असतात. त्या वर्षी यात्रा झाली नाही आणि झाली असती तरी यांना जाता येणार नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी मी ताप मोजायला गेले, तर सात-आठ बाया तोडून झालेल्या रानात वाकून काही तरी वेचत होत्या. आमच्या काळ्या रानात चुनखडीचे गोटे सापडतात. ते त्यांनी वेचून आणले, बाभळीखालच्या त्या गोट्यासमोर त्यांचा ढीग केला, आणि येरमाळ्याच्या दिशेला तोंड करून हात जोडले. दिशा कशी कळली विचारलं. एकीच्या नवऱ्यानं मोबाईलवर पाहून सांगितली होती.

१७ एप्रिलला ऊसतोड कामगारांना गावी जाऊ देण्याचा आदेश निघाला. आधी तपासणी, मग याद्या, मग गाड्या. राज्यात लाखाहून अधिक माणसं अशी परतली. माझ्या तळावरच्या प्रत्येकाची तपासणी करून मी सही केली. त्या यादीत पहिल्यांदा कोयते नव्हते, नावं होती. प्रत्येकाचं पूर्ण नाव, वय, गाव. आजीचं नाव मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. ती डबा मांडीवर घेऊन ट्रॉलीत सगळ्यांच्या वर बसली, जशी आली होती तशीच.

त्यानंतर ती आली नाही. आता तिच्या नाती त्यांच्या तालुक्यातल्या शासकीय वसतिगृहात शिकतात असं तिच्या सुनेनं फोनवर सांगितलं. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ही वसतिगृहं मंजूर झाली, तीही भगवानबाबांच्याच नावानं. दिवाळीला पोरी वसतिगृहातून गावी येतात तेव्हा घरात म्हातारी एकटी असते, आई-बाप फडात. टाक आता आजीजवळच असतात. सुना दिवाळीला व्हिडिओ कॉल लावतात आणि आजी फोन देवापुढं धरते.

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की कोप्या मोडतात, पाचट पेटवून देतात, आठवडाभरात तिथं नांगर फिरतो. कालव्याच्या भरावापर्यंत नांगर जात नाही, म्हणून बाभळ राहते आणि तो गोटा राहतो. मागच्या हंगामात तळावर परभणीकडचा बंजारा तांडा उतरला. मी त्या दिवशी मुद्दाम लवकर गेले होते. पावसाळ्यात गोट्यावर गवत चढलं होतं, चुनखडीचा ढीग मातीत बसला होता. एक मध्यमवयीन बाई कमरेचा विळा काढून गवत कापत होती. तिनं पांढऱ्या झेंड्यासाठी जागा बघितली होती ती त्याच बाभळीशेजारी.

"कुणाचा देव हाय ह्यो?" तिनं विचारलं.

"पाटोद्याच्या टोळीचा होता," मी म्हणाले. "ती टोळी आता येत नाही."

तिनं लेकीला पाणी आणायला पाठवलं. ट्रॉलीतलं सामान अजून तसंच होतं. पोरीनं तांब्या आणला, बाईनं गोटा धुतला, पदरानं पुसला, आणि तो होता तिथंच नीट बसवला.